मागच्या सीटची मापं

शोरूममध्ये मी तिसऱ्यांदा टेप काढली तेव्हा तिथल्या टायवाल्या सेल्समनच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, की ह्या बाई गाडी काही घेणार नाहीत, आपला रविवार मात्र खाणार. त्याचं चुकत नव्हतं. मला स्वतःलाच माझा वैताग आला होता. आठवडाभर आठवी-नववीच्या वर्गात घसा फोडायचा, घरी येऊन वह्या तपासायच्या, आईच्या गोळ्या, आईचा व्यायाम, आईचं गरम पाणी, आणि रविवारी पोहे खाऊन गाड्यांच्या सीटा मोजायला निघायचं. वय चोपन्न. लग्न केलं नाही. 'तुला काय बाई, तू मोकळी' हे मी जितक्यांदा ऐकलंय, तितक्यांदा मी मोकळी बसलेली मला तरी आठवत नाही.

पाऊस संपता संपता आई मोरीत घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, नवीन सांधा बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले: खाली बसायचं नाही, कमरेत वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. मी घरी येऊन आईची खुर्ची विटांवर चढवली, पलंगाखाली लाकडी ठोकळे घातले. आई बघत होती. म्हणाली, "आता मला माडीवरच बसिवतीस काय गं?"

घरातलं सगळं उंच करून झालं, पण गाडीचं काय करायचं?

गाडी लागणार होती ती गडहिंग्लजला जायला. आईची एकुलती एक बहीण, माझी मावशी, तिथं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तिची सून दोन-तीन दिवसांआड फोन लावायची आणि मावशीच्या कानाशी धरायची. मावशी एवढंच विचारायची, "अक्का, कवा येतीस?" आई म्हणायची, "येतो गं, येतो की." आमच्याकडच्या बायका आलो-गेलो असंच बोलतात, माझा भाऊ पुण्यात राहतो, त्याच्या सोसायटीत आई बोलायला लागली की पोरं तोंडाला हात लावून हसतात. तर आई "येतो" म्हणायची, फोन ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. एकदा मला म्हणाली, "मला तिला एकडाव भेटायचं हाय. चार शब्द बोलायचं हाय. मग मी कुटं जायाचं नाव काढणार न्हाय बग." माझ्या आईनं उभ्या जन्मात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागितलं.

दिवाळी झाल्यावर मी तिला आमच्या गाडीत घालून निघाले. आमची गाडी बारा वर्षांची, छोटी. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी घेतली. नेहमीप्रमाणे आई मागं बसली. बसली म्हणजे काय, आत पडलीच. सीट खोल, मऊ, त्यात ती रुतली आणि गुडघे छातीपाशी आले. मी म्हटलं, होईल सवय. कागलच्या पुढं गेलो नाही तोवर तिनं दार घट्ट धरलं. आरशात तिचा चेहरा बघितला तर पांढराफटक. मी गाडी कडेला घेतली. शेजारून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक धडधडत चालल्या होत्या आणि आई दातओठ खात म्हणत होती, "चल, चल, हुतंय मला." डोंबलाचं होतंय! मी गाडी वळवली. घरी आल्यावर तिनं मावशीला फोन लावायला सांगितला आणि म्हणाली, "गाडी बिगडली बग वाटंत. येतो पुढच्या आठवड्यात."

तिथून हे सगळं मोजमाप सुरू झालं.

भावाला फोन केला. त्याला अशा कामाचा भारी उत्साह, कारण त्याला ते पुण्यातून करता येतं. त्या रात्रीच त्यानं मला नऊ व्हिडिओ पाठवले. सगळ्यांत एकच सडपातळ मनुष्य मागच्या सीटवर बसून स्वतःचे गुडघे आणि पुढची सीट यांच्यात मूठ घालून दाखवत होता. भावानं निष्कर्ष काढला की आपल्याला उंच बांधणीची छोटी गाडी पाहिजे. आईला वाकायला नको, चढायला नको, नुसतं टेकायचं. "ताई, तू फक्त आईला घेऊन शोरूमला जा, बाकी मी बघतो." बाकी म्हणजे काय उरलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या रविवारी आईला रिक्षानं नेलं. रिक्षात ती बसू शकायची, सीट उंच असते म्हणून, पण रिक्षानं गडहिंग्लजला कोण नेणार? शोरूममध्ये त्या टायवाल्यानं हसत मागचं दार उघडलं. "या आज्जी, इकडं ऐसपैस बसा." मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. आईनं आधी मला खाली उतरवून वीत टाकून सीट मोजायला लावली. आमची जुनी गाडी जमिनीपासून दोन वीत चार बोटं, ही जवळजवळ तीन वीत. तिचा चेहरा जरा फुलला. टेकली, पण पाय आत घेताना अडचण झाली. दाराची फट खाली चाकापाशी निमुळती झालेली, त्यात पाऊल अडकलं. कसाबसा पाय आत घेतला तर गुडघा पुढच्या सीटला टेकला. पाय लांब करायला वाव नाही. आणि सीट कडक, शाळेतल्या बाकासारखी, मांडीला निम्म्यात आधारच नाही.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"ब्येस हाय की," आई म्हणाली. आईला काहीही विचारलं तरी 'ब्येस हाय'. दहा मिनिटं बसवून ठेवली तेव्हा कपाळावर घाम आला.

म्हणजे जुन्या गाडीत पायाला जागा भरपूर, पण सीट खोल आणि छप्पर बुटकं, आत शिरताना मान आणि कंबर दोन्ही वाकवावी लागते. नव्या गाडीत आत शिरणं सोपं, छप्पर इतकं उंच की फेटा बांधून बसावं, पण बसल्यावर पाय कोंडलेला. एकीत शिरता येत नव्हतं आणि दुसरीत बसता येत नव्हतं. मी घरी येऊन शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली, पार्किंगमध्ये जाऊन जुन्या गाडीची मागची सीट मोजली आणि एका वहीत लिहून ठेवली. शेजारचे काका विचारायला लागले, "कव्हर शिवताय काय?" म्हटलं, हो, कव्हरच शिवतेय.

दुसऱ्या रविवारी भाऊ स्वतः आला. येताना लॅपटॉप घेऊन आला, त्यात तक्ता. शोरूमच्या वॉचमननं त्याला दारातच हाक मारली, "पावणं, गाडी जरा म्हागं घ्या," तेवढ्यानंच त्याचा पारा चढला, पुण्यात कुणी असं बोलत नाही म्हणून. मग टेस्ट ड्राइव्हला निघालो. मी चालवायला, भाऊ पुढं माझ्या शेजारी, आई आणि सेल्समन मागं. भाऊ अंगानं दणदणीत, बसल्या बसल्या त्यानं सीट खटकन शेवटपर्यंत मागं सारली. मागनं आईचा "आई गं" असा आवाज आला. भाऊ मान वळवून गंभीरपणे म्हणाला, "बघ ताई, मी म्हटलं नव्हतं? लेगरूमचा प्रॉब्लेम आहे या गाडीत." आणि त्यानं ते तक्त्यात लिहिलं.

आज हे आठवलं की मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळत नाही. त्या वेळी मात्र मला त्यात काहीसुद्धा वावगं वाटलं नाही. सेल्समनलाही नाही. आणि आईला तर नाहीच.

तिसऱ्या रविवारी मी पुन्हा गेले, एकटीच, टेप आणि फूटपट्टी घेऊन. मधल्या दिवसांत भावानं ऑनलाइन एक गादी मागवली होती, जुन्या गाडीची मागची सीट उंच करायला. ती आली आणि इतकी फुगीर निघाली, की आईचं डोकं छताला लागायला लागलं. ती परत पाठवली. भाऊ म्हणाला, "घाई नको करूयात. नवीन मॉडेल येतंय, त्याची मागची सीट बघून ठरवू." मी म्हटलं, "अरे, तिकडं मावशी वाट बघतेय." तो म्हणाला, "ताई, चुकीची गाडी घेतली तर आयुष्यभर पस्तावशील." मी थकले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, बरं, बघू. त्या रविवारी तिथल्या काचेच्या दालनात मी मागच्या सीटवर स्वतः बसून, गुडघ्यात फूटपट्टी धरून मापं लिहून घेतली. त्यानंतर गडहिंग्लजहून फोन आला नाही, आम्हीच लावायचो. मावशीची सून म्हणायची, "जरा झोपल्यात, उद्या लावतो." आई म्हणायची, "झोपू दे, झोपू दे."

चौथ्या आठवड्यात गुरुवारी फिजिओथेरपीच्या बाई घरी आल्या. बाई चाळिशीच्या, बोलायला फटकळ. आईचा पाय उचलत उचलत त्यांनी सहज विचारलं, "काय आज्जी, आलात का जाऊन बहिणीकडं?" आईनं माझ्याकडं बोट केलं. मग मीच सगळं पुराण सांगितलं. जुनी गाडी, नवी गाडी, खोल सीट, कडक सीट, टेप, तक्ता, गादी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पुढं का बसवत नाही?"

"पुढं?" मी म्हटलं.

"पुढं. ड्रायव्हरच्या शेजारी. सीट सगळी मागं घ्यायची, पाठ जरा कलती करायची, खाली एक घडी घालायची. आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. आमचे सगळे पेशंट तसेच जातात की हो. कुठल्याही गाडीत जमतं."

मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडं बघायला लागली. अहो, मी विज्ञान शिकवते! तरफ, कोन, गुरुत्वमध्य, सगळं फळ्यावर काढून दाखवते. आणि गाडीला पुढंही एक सीट असते, हे महिनाभरात माझ्या टकुऱ्यात आलं नव्हतं.

कसं येणार? आमच्या घरात आई पुढं बसलेली कुणी बघितलीच नव्हती. आण्णांना गाडी चालवता यायची नाही, मीच चालवायची, पण पुढची जागा त्यांची. काच खाली करून, हात बाहेर टाकून ते मला 'गिअर बदल, हॉर्न दे' असं सांगत बसायचे. आई मागं, पिशव्या, पाण्याची बाटली आणि नारळ सांभाळत. आमच्याकडं असंच असतं. लग्नाला निघालेली कुठलीही गाडी बघा, मागं चार बायका आणि मांडीवर पोरं, आणि पुढं एक बाप्या पाय पसरून. आण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं त्या पुढच्या सीटवर माझी शाळेची पिशवी, वह्यांचे गठ्ठे आणि डबा बसत होता आणि आई आपली मुकाट्यानं मागचं दार उघडत होती. मी पिशवी उचलून मागं टाकली नाही कधी. विचारच केला नाही.

बाई गेल्या आणि मी आईला तशीच खाली नेली. वह्या डिकीत टाकल्या. पुढची सीट मागं सरकेना, आण्णा ती पुढं ओढून बसायचे, त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा खडखडत मागं गेली. पाठ कलती केली, वर वाकळ चौघडी करून टाकली. आई पाठमोरी झाली, टेकली, मी दोन्ही पाय धरून आत फिरवले. ती बसली. पाय पुढं लांब पसरले. त्याच बारा वर्षांच्या, खोल सीटच्या, बुटक्या गाडीत.

"दुखतंय?"

"न्हाय."

"खरं सांग. 'ब्येस हाय' नको म्हणूस."

"अगं न्हाय दुखत खरंच!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला इतका राग आला होता, की मी दार जरा जोरातच लावलं. राग कुणाचा, ते काय सांगायचं.

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळी सातला निघालो. कागल गेलं, निपाणी गेली. उसाच्या ट्रॉल्यांमागनं रांगत चाललो होतो तरी आईला घाई नव्हती. ती पाट्या वाचत होती. धाब्यांची नावं, खतांच्या जाहिराती, पुढच्या ट्रकच्या मागं काय लिहिलंय ते. तिच्या अंगात दहा वर्षांची पोरगी आली होती. म्हणाली, "ह्यो रस्ता असा हाय व्हय! माह्याराला जायाचं म्हणून पंचावन्न-साठ वर्सं ह्याच वाटंनं जातोय, पर समोरनं कधी बगितलाच न्हवता."

मी म्हटलं, "मग सांगायचंस की, मला पुढं बसायचंय म्हणून."

"काय सांगायचं त्यात? तितं आण्णा बसायचं."

"आण्णा जाऊन दोन वर्षं झाली, आई."

"व्हय," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, अगदी साध्या आवाजात, "तू बस म्हटली न्हाईस."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मी वस्ताद आहे. पण ती खिडकीतून बाहेर बघत होती.

गडहिंग्लजला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मावशीची सून दारात आली. आईला पुढच्या दारातून उतरताना बघून तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी एकदम पडला. तिनं आईला हाताला धरून आत नेलं आणि मला डोळ्यांनी 'नंतर सांगतो' म्हणून खुणावलं.

आत मावशी कॉटवर होती. एवढीशी झालेली. आईला मी उंच खुर्ची दिली. आईनं तिचा हात हातात घेतला आणि त्यांच्या लहानपणच्या हाकेनं हाक मारली. सीमेकडची माणसं ही, धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात. "तंगी, बग की. मी आलोय. अक्का आलीया तुजी." मावशीनं डोळे उघडले. आईच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग नजर छताकडं गेली आणि डोळे मिटले. आईनं परत हाक मारली. पुन्हा तसंच.

स्वयंपाकघरात सून मला म्हणाली, "बोलनं बंद झालंय वन्सं. ओळखत बी न्हाईत कुणाला. तुमास्नी फोनवर कसं सांगायचं, अक्का घाबरतील म्हणून न्हाय सांगितलं." मी विचारलं, कधीपासून. "रविवारी सकाळपतोर शुद्धीत हुत्या की. 'अक्का निघाली काय, अक्का निघाली काय' म्हणून मला दोनदा विचारलं. दुपारी झोपल्या, त्या उठल्या त्या अशाच."

रविवारी सकाळी मी फूटपट्टी घेऊन नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते. मी तिथं ओट्याला टेकून उभी राहिले. सूनबाईनं चहा पुढं केला, तो मी घेतला आणि प्यायले. दुसरं काय करणार?

आई तीन तास तिथं बसली होती. बोलत होती. मावशीला ऐकू जात होतं की नाही, देव जाणे. आपल्या आईच्या गोष्टी, विहिरीवरच्या, कुठल्याशा हरवलेल्या म्हशीच्या, मी कधीही न ऐकलेल्या. मध्येच थांबायची, उत्तराची वाट बघितल्यासारखी, आणि परत सुरू करायची. निघताना चमच्यानं दूध पाजलं, पदरानं तोंड पुसलं. मला म्हणाली, "चल आता."

येताना तिनं एकही पाटी वाचली नाही. मी दोनदा विचारलं, दुखतंय का. दोन्हीदा म्हणाली, न्हाय. निपाणीच्या अलीकडं भावाचा फोन आला. मी गाडी चालवत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. त्याला मी काही कळवलेलं नव्हतं. तो खुशीत होता. "ताई, फायनल झालं! मी आत्ताच बघून आलो इथल्या शोरूमला. या नव्या मॉडेलला मागं जागा मस्त आहे, आईला एकदम आरामात बसता येईल. बुक करून टाकू का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई फोनकडं वाकली. वाकायला तिला मनाई होती.

"तुमाला कुठली घ्याची ती घ्या रं बाळा," ती म्हणाली. "मला आता कुटं जायाचं न्हाय."